आठ व्हिनिअर्स मागितली, पण गरज किती दातांना?

पत्र

मॅडम, मी बीडीएस असून दोन वर्षांपासून शहाद्यात स्वतःचा दवाखाना चालवतो. जवळच्या गावातली २४ वर्षांची मुलगी तिच्या मामांबरोबर आली होती. वरच्या मधल्या दोन दातांत साधारण १.५ मिलिमीटरची फट आहे. त्यांच्या शेजारचा उजवा दात जन्मापासून बारीक आणि टोकदार आहे, डावा सुळा थोडा पुढे आलाय. दातांवर पांढरे ठिपके आहेत, मधल्या दोघांवर फिकट तपकिरी डागही आहेत. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लग्न आहे. मोबाईलवर बघून तिने ठरवूनच टाकलंय की ‘दात न कापता बसणारी व्हिनिअर्स’ (दातांवर समोरून चिकटवायचे सिरॅमिकचे पातळ पापुद्रे) हवीत आणि ती आठ दातांना हवीत. तिच्या मोठ्या बहिणीचे पुढचे दात कॅपसाठी कापले होते, पुढे ठणका लागून रूट कॅनाल करावी लागली. त्यामुळे ‘कापायचं नाही’ ही घरच्यांची अट आहे. लॅबवाले म्हणतात, माप पाठवा, ०.३ मिलिमीटरची करून देतो. मी हे कधी केलेलं नाही. नाही म्हटलं तर ते लोक सुरतेला जातील. करू का? आणि करायचं तर कसं?

उत्तर

डॉक्टर, करा. पण आठ दातांना नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला न कापता व्हिनिअर बसवण्याजोगे दात तीनच दिसतात: मधले दोन आणि तो बारीक दात. त्या बारीक दाताचा डावीकडचा जोडीदार कदाचित चौथा होईल, ते मॉक-अप, म्हणजे दातांवर बसवून बघायचा तात्पुरता नमुना, झाल्यावर कळेल. बाहेर आलेल्या सुळ्याला मात्र हात लावू नका. त्यामागच्या दातांबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, म्हणजे त्यांची तक्रार नसावी. ज्या दाताची तक्रार नाही त्यावर सिरॅमिक चिकटवायला कारण लागतं, आणि ‘सेट आठचा असतो’ हे कारण मला पटत नाही.

न कापता बसवलेलं व्हिनिअर दाताला फक्त वाढवतं. ते जाडी देतं, रुंदी देतं, लांबी देतं, काढून काहीच घेत नाही. म्हणून प्रत्येक दातासमोर एकच प्रश्न ठेवायचा: याच्यावर समोरून अर्धा मिलिमीटर चढवला तर हा दात सुधारेल की बिघडेल? बारीक दात, फटीच्या कडेचा दात, आत कललेला दात, झिजून आखूड झालेला दात यांना ती भर हवीच असते. पुढे आलेल्या, दाटीत अडकलेल्या किंवा आधीच भरदार असलेल्या दाताला ती नको असते. सुळा बाहेर आलाय म्हणता, त्यावर आणखी थर दिला तर ओठ त्याच्यावर अडकेल आणि हसताना तोच एक दात डोळ्यांत भरेल. तो आत घ्यायचा असेल तर तारेने किंवा अलाइनरने घ्या. तेवढा वेळ नसेल तर आहे तसा राहू द्या. बऱ्याच चेहऱ्यांना थोडा पुढे असलेला सुळा शोभून दिसतो, हेही तिला सांगून बघा.

हे ठरवायला समोरून बघून भागत नाही. खुर्ची आडवी करा, तिच्या डोक्यामागे उभे राहा आणि कपाळावरून खाली दातांची कमान बघा. कुठला दात रेषेच्या आत आहे आणि कुठला बाहेर, हे इथूनच नीट दिसतं. मग तिला बसवून बाजूने ओठ बघा. प्लास्टरच्या मॉडेलवर पट्टी ठेवून बघितलंत तर आणखी बरं.

आता घरच्यांच्या अटीबद्दल. ती अडाणीपणाची नाही, आणि मामांशी बोलताना तसा सूरही येऊ देऊ नका. वरच्या मधल्या दाताचं इनॅमल (दाताचा बाहेरचा कठीण थर) हिरडीजवळ जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर असतं, मध्यावर साधारण ०.६ ते १ आणि टोकाकडे त्याहून जास्त. नेहमीच्या व्हिनिअरसाठी अर्धा मिलिमीटर कापलं की हिरडीजवळ आपण इनॅमलखालच्या थरावर, डेंटिनवर पोचलेलो असतो. ॲसिडने इनॅमल खरखरीत करून त्यावर रेझिन चिकटवता येतं, हे बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं. सिमनसन आणि कॅलामिया यांनी १९८३ मध्ये पोर्सेलिनही हायड्रोफ्लोरिक ॲसिडने एच करून, म्हणजे तसंच खरखरीत करून, चिकटवण्याची वाट दाखवली. व्हिनिअरचा सगळा डोलारा या दोन गोष्टींवर उभा आहे. इनॅमलवरची पकड वर्षानुवर्षं टिकते, डेंटिनवरची तेवढी भरवशाची नसते. त्यामुळे जिथे न कापता काम होतंय तिथे न कापणं हेच उत्तम दंतवैद्यक आहे. बहिणीच्या दाताचं जे झालं ते या मुलीच्या वाट्याला येऊ नये ही इच्छा तुमची आणि त्यांची एकच आहे, हे त्यांना कळू द्या.

पण पुढे जाण्याआधी ती फट का आहे ते शोधा. पत्रात तुम्ही फटीचं माप दिलंय, कारण दिलेलं नाही. पहिल्यापासून आहे की गेल्या दोन-चार वर्षांत वाढलीय? तिला शाळेतला, दहावीच्या वेळचा फोटो आणायला सांगा. त्यात फट नसेल किंवा अगदी कमी असेल, तर प्रोब घेऊन दातांभोवती हिरडी किती खोल सुटलीय ते मोजा आणि पुढच्या दातांचे एक्स-रे काढा. हाड झिजल्यामुळे दात पसरत असतील तर व्हिनिअर हा त्यावरचा इलाज नाही. गिळताना जीभ पुढे रेटते का, मधली ओठाची दोरी जाड होऊन दोन दातांच्या मध्ये खाली उतरलीय का, तेही बघा. शेजारचा दात जन्मतः बारीक असला की मधले दात मोकळ्या जागेत सरकतात आणि फट पडते. तुमच्या रुग्णाचं बहुधा तेच असेल. तसं असेल तर बारीक दात नीट रुंद केल्याशिवाय हे काम जमणार नाही, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा दात तोच.

चावाही तपासा. वरचे दात खालच्यांना समोरून किती झाकतात, टोकाला टोक लागतं का, कडा सपाट घासल्यात का, सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो का. रात्री दात खाणाऱ्या माणसाला पातळ सिरॅमिक देताना मी फार सावध असते. दिलंच तर नाइट गार्डही देते आणि तो वापरायची तयारी आहे का, हे आधी विचारते.

कारण कळलं की कागद-पेन्सिल घ्या. समजा तिचा मधला दात ८ मिलिमीटर रुंद आणि १०.५ मिलिमीटर उंच आहे. रुंदी उंचीच्या ७६ टक्के झाली, म्हणजे छान. ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपासचा मधला दात डोळ्यांना बरा वाटतो. आता १.५ मिलिमीटरची फट दोघांत वाटली तर प्रत्येकाला ०.७५ येतात. रुंदी ८.७५ झाली आणि उंची तीच ठेवली तर प्रमाण ८३ टक्क्यांवर जातं आणि दात चौकोनी, फावड्यासारखा दिसायला लागतो. टोकाला अर्धा मिलिमीटर लांबी दिली तर ८.७५ भागिले ११, म्हणजे पुन्हा ८० च्या आत. ती लांबी ओठाला आणि चाव्याला झेपेल का, हा पुढचा प्रश्न. झेपत नसेल तर थोडी फट तशीच ठेवायची, नाहीतर आधी तारेने दात थोडे सरकवून जागा योग्य ठिकाणी वाटून घ्यायची. तुमच्या रुग्णाची खरी मापं व्हर्नियरने घ्या आणि हा हिशेब तिच्यासमोर करा. शिकलेली असो वा नसो, आकडे दाखवले की माणसाला पटतं.

फट बंद करताना हिरडीच्या टोकाचाही विचार करा. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून हिरडीतल्या हाडापर्यंतचं अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर मधली हिरडी जवळजवळ नेहमी ती जागा भरून काढते, अंतर वाढत गेलं की काळा त्रिकोण दिसायला लागतो. टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे मोजून ठेवलंय. म्हणून टेक वर ठेवावी लागते, आणि त्यासाठी फटीच्या बाजूला सिरॅमिक हिरडीच्या किंचित आतून सुरू करून हळूहळू बाहेर आणावं लागतं. हिरडीवर एकदम खांदा निघाला तर तिथे अन्न अडकून हिरडी कायम लाल राहील.

आता रंग. पांढरे ठिपके आणि फिकट तपकिरी डाग हे वर्णन सौम्य फ्लोरोसिसचं, म्हणजे लहानपणी जास्त फ्लोराईड पोटात गेल्याने पडणाऱ्या डागांचं वाटतं. तिला विचारा, तीन-चार वर्षांची होईपर्यंत कुठल्या गावी होती आणि घरात बोअरचं पाणी प्यायचे का. आता राहते ते गाव कामाचं नाही, पुढच्या दातांचं इनॅमल त्या वयात घडतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्या गावात आजही लहान मुलं तेच पाणी पीत असतील तर तपासून घ्यायला सांगा. हे व्हिनिअरपलीकडचं आहे, तरी आपणच सांगायला हवं.

सिरॅमिकने रंग एका शेडने बदलायला साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडी लागते. लॅबचं ०.३ चं व्हिनिअर म्हणजे जेमतेम एक शेड, त्यातून तपकिरी डाग आरपार दिसणार. अपारदर्शक सिरॅमिक मागवलं तर डाग झाकेल, पण दात मेलेल्यासारखे, खडूसारखे दिसतील. म्हणून डाग आधी दातावरूनच कमी करा. स्केलिंग करून बाहेरचं काय आहे ते काढा, मग डागांवर मायक्रोॲब्रेजन (पेस्टने वरचा अगदी सूक्ष्म थर घासणं), मग घरी ट्रेमधून ब्लीचिंग. सौम्य फ्लोरोसिसचे दात यात इतके सुधारतात की माझ्याकडच्या कित्येकांनी इथेच ‘बास’ म्हटलंय. ब्लीचिंग संपल्यावर निदान दोन आठवडे थांबा, कारण दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनची पकड बिघडवतो आणि रंगही स्थिर व्हायचा असतो. शेड बघताना दात ओले असू द्यात, तोंड उघडं ठेवून पाच मिनिटं गेली की दात सुकून पांढरे दिसतात आणि चुकीची शेड लिहिली जाते.

आता मॉक-अप. या पत्रातलं दुसरं काही नाही केलंत तरी हे कराच. दात कापून करायच्या व्हिनिअरमध्ये मॉक-अप हा अंदाज असतो, कारण नंतर खालचा दात कमी होणार असतो. इथे खालून काहीच कमी होणार नाही, त्यामुळे मॉक-अप जेवढा जाड दिसेल तेवढंच जाड व्हिनिअर दिसणार. मॉडेलवर मेणाने हवे तसे दात घडवून (वॅक्स-अप) घ्या, त्यावर पुट्टीचा साचा (इंडेक्स) बनवा, त्यात टेम्पररी कॅपसाठी वापरतो ते बिस-ॲक्रिल भरा आणि दातांवर बसवा. दोन-तीन मिनिटांत ते घट्ट झालं की कडेचं जास्तीचं काढा. ‘कसं वाटतं’ असं लगेच विचारू नका. आधी आरसा द्या आणि तुम्ही थोडे बाजूला व्हा.

मग तिला बोलू द्या. डॉक्टरांसमोर माणूस जपून, पुस्तकी मराठी बोलतो, त्यात काही कळत नाही. मामांना आत बोलवा आणि दोघांना त्यांच्या घरच्या बोलीत गप्पा मारू द्या, अहिराणी असेल, गुजर बोली असेल, जी असेल ती. बोलता बोलता ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेला अलगद टेकते का ते बघा. ती ओठात रुतत असेल तर लांबी जास्त झालीय. ‘स’ला शिट्टी वाजते का ऐका. ओठ सहज मिटतात का, की मिटवताना हनुवटीवर सुरकुती पडते, तेही बघा. पडत असेल तर दात फार पुढे आले. हवं तर एका ठिपक्याएवढं एच करून मॉक-अप दोन दिवस घरी जाऊ द्या. घरची माणसं, मैत्रिणी काय बोलतात ते ऐकून ती आली की निम्मे निर्णय झालेले असतात. आठ दातांचा हट्टही बऱ्याचदा इथेच सुटतो. तीन दातांचा मॉक-अप दाखवा, मग हवं तर आठांचा दाखवा. दोन्ही बघितल्यावर तिची निवड ऐकू.

लॅबला ‘०.३ ची करा’ एवढं सांगून भागणार नाही. समोरचा भाग ०.३ असेल, फटीच्या बाजूला तेच व्हिनिअर पाऊण मिलिमीटर किंवा जास्त जाड होईल, आणि हिरडीजवळ त्याने शून्याच्या जवळ यायला हवं. दात कापला की कड कुठे संपवायची याची रेघ टेक्निशियनला आयती मिळते. इथे ती रेघच नाही, त्यामुळे कमी अनुभवाचा टेक्निशियन हिरडीजवळ बाहेर आलेली जाड कड ठेवतो. न कापलेली व्हिनिअर्स बदनाम झाली त्यात या जाड कडेचा मोठा हात आहे. फेल्डस्पॅथिक पोर्सेलिन किंवा लिथियम डायसिलिकेट, कशातही करता येतं, करणारा हात महत्त्वाचा. त्या लॅबने आधी केलेली तीन-चार कामं मॉडेलवर बघायला मागा. माप ॲडिशन सिलिकॉनने घ्या, हिरडी बाजूला सारायची सगळ्यात बारीक कॉर्ड (दोरी) हळुवार ठेवून, हिरडी निरोगी असताना. हिरडीतून रक्त येत असेल तर माप घेऊच नका. आधी स्केलिंग, ब्रशिंग सुधारा, दोन आठवड्यांनी बघा.

एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दाताची कड कुठे बाहेर फुगलेली असेल तर व्हिनिअर सरळ आत जाताना तिथे अडकतं. अशा वेळी डिस्कने इनॅमलचा केसभर उंचवटा गुळगुळीत करावा लागतो. भूल लागत नाही, दुखत नाही, पण तेही ‘काहीतरी करणं’ आहेच. ‘अजिबात काही करणार नाही’ असं वचन देऊन मग डिस्क हातात घेतलीत तर विश्वास जाईल. आणि ‘नको वाटलं तर काढून टाकू, दात होता तसा’ असंही सांगू नका. एच करून चिकटवलेलं व्हिनिअर काढायचं म्हणजे बहुतेक वेळा बरने झिजवायचं, आणि त्यात सिमेंट कुठे संपलं नि इनॅमल कुठे सुरू झालं हे डोळ्यांना कळत नाही.

बसवण्याच्या दिवशीची तयारी आदल्या दिवशीपासून. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४० च्या वर असतो, मे महिन्यात ४५ ला टेकतो. बाँडिंग एजंट आणि सिमेंट उन्हात तापलेल्या कुरियरच्या खोक्यातून आलं असेल तर ते वापरू नका. दवाखान्यात फ्रिजमध्ये ठेवा, पण कामाच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा, थंड बाटलीवर साचलेलं बाष्प पकड बिघडवतं. सिलेनची (सिरॅमिक आणि रेझिन जोडणाऱ्या द्रवाची) बाटली उजेडात धरून बघा: एकाच बाटलीतलं सिलेन पाण्यासारखं स्वच्छ हवं, दुधाळ झालं असेल तर फेकून द्या. क्युरिंग लाइट पूर्ण चार्ज असू द्यात आणि काम सकाळचं घ्या, कारण दुपारी वीज गेली तर एसीबरोबर सक्शनही बंद पडतं.

आधी व्हिनिअर्स ट्राय-इन पेस्टने दातांवर ठेवून रंग आणि बसणं बघा. एकेक बसवून, मग सगळी एकत्र. तिला चावायला सांगू नका, न चिकटवलेलं ०.३ चं सिरॅमिक चाव्याखाली तडकतं. मग आतली बाजू हायड्रोफ्लोरिक ॲसिडने एच करा. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्क्यांच्या ॲसिडने २० सेकंद पुरतात, फेल्डस्पॅथिकला जास्त लागतात. लॅबने आधीच एच करून पाठवलंय का हे विचारून घ्या, दुप्पट एच केलं की सिरॅमिक कमकुवत होतं. हे ॲसिड तोंडाजवळ नेऊ नका, हातमोजे आणि चष्मा घाला आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवा. ट्राय-इनमध्ये लागलेली लाळ आणि एचनंतरचा पांढरा कचरा दोन्ही धुऊन निघाले पाहिजेत. सुकवल्यावर आतली बाजू एकसारखी खडूसारखी पांढरट, निस्तेज दिसली की मगच सिलेन लावा, मिनिटभर ठेवा, हवेने सुकवा.

दाताच्या बाजूने इथे एक वेगळी काळजी घ्यावी लागते. न कापलेल्या इनॅमलचा अगदी वरचा थर एच व्हायला नाखूश असतो, आणि फ्लोरोसिसच्या दातावर तो आणखी हट्टी असतो. म्हणून प्युमिसने किंवा बारीक ॲल्युमिनाच्या फवाऱ्याने पृष्ठभाग हलकासा खरखरीत करा. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद ठेवा. धुऊन सुकवल्यावर कुठे चकाकी राहिली असेल तर तिथे पुन्हा ठेवा. रबर डॅम (लाळ अडवणारा रबरी पडदा) लावता आला तर उत्तम, नाही तर कॉर्ड, रिट्रॅक्टर आणि शेजारच्या दातांवर टेफ्लॉन टेप. लाळेचा एक थेंब लागला तर परत एच करायचं, ‘चालेल’ म्हणायचं नाही.

सिमेंट फक्त लाइट-क्युअर, म्हणजे प्रकाशानेच घट्ट होणारं घ्या. प्रकाशाशिवाय आपोआपही घट्ट होणाऱ्या ड्युअल-क्युअरचा रंग पुढे पिवळट होऊ शकतो, आणि इतक्या पातळ व्हिनिअरमधून तो दिसतो. खुर्चीवरचा मोठा दिवा बाजूला फिरवा, नाहीतर तुम्ही बसवेपर्यंत सिमेंट घट्ट व्हायला लागेल. मधले दोन आधी, जोडीने. बोटाने हळू, सारखा दाब द्या, सगळ्या कडांतून सिमेंट बाहेर येऊ द्या, ब्रशने पुसा, मग मध्यावर दोन-तीन सेकंद लाइट. आता फ्लॉस घाला आणि खाली न ओढता बाजूने बाहेर काढा. राहिलेलं सिमेंट निघालं की प्रत्येक बाजूने पूर्ण क्युअर, शेवटी कडांवर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा एकदा. वाळलेलं सिमेंट १२ नंबरच्या ब्लेडने काढा, हिरडीजवळ बर फिरवू नका. चावा तपासायचा तो आता: दात मिटून, खालचा जबडा पुढे सरकवून, दोन्ही बाजूंना नेऊन.

वेळेचं गणित करून बघा. हिरड्यांना दोन आठवडे, ब्लीचिंगला दोन-तीन, मग थांबायला दोन, मग मॉक-अप, माप, लॅब. घाई न करता दोन महिने सहज जातात. आखाजी त्याआधी येत असेल तर तारखेसाठी यातली पायरी गाळू नका. लग्नापुरतं फट आणि बारीक दात कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या रेझिनने) करून द्या. न कापता, एका बैठकीत, व्हिनिअरच्या मानाने बऱ्याच कमी खर्चात होतं, आणि तुटलं तर तुम्हीच दुरुस्त करू शकता. खरं सांगायचं तर २४ वर्षांच्या मुलीच्या एका बारीक दातासाठी मी पहिल्यांदा कंपोझिटच सुचवते. त्याची चकाकी काही वर्षांत कमी होते, पॉलिश लागतं, पण लग्नानंतर सावकाशीने व्हिनिअरचा विचार करायला वाव राहतो. दोन्हींचा खर्च लेखी द्या, म्हणजे ‘डॉक्टरांनी महागडं गळ्यात मारलं’ असं म्हणायला जागा राहणार नाही.

सुरतेची धास्ती घेऊ नका. गेले तर तिच्या हातात तुमचे फोटो, एक्स-रे आणि मापं द्या आणि सांगा, तिथे दोन गोष्टी विचार: माझ्या सुळ्यावर व्हिनिअर का, आणि आधी मॉक-अप दाखवाल का. आणि तुमच्याकडेच राहिली तर पहिल्या कामाला एखाद्या प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दातांचे तज्ज्ञ) किंवा कॉन्झर्व्हेटिव्हच्या (दात वाचवण्याच्या शाखेच्या) एमडीएसना शेजारी उभं राहायला बोलवा, त्यांची फी द्या. धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, तिथल्या कुणाशी ओळख असेलच.

काम झाल्यावर एका आठवड्याने बोलवा, हिरडीची कड बघा, फ्लॉस घालून दाखवायला सांगा, मग दर सहा महिन्यांनी. तुमच्या भागात ऊस घरोघरी आहे, म्हणून हे स्पष्ट शब्दांत सांगा: कांडं पुढच्या दातांनी सोलायचं नाही, कोयत्याने गंडेऱ्या करून दाढेने चावायचं. दोरा दातांनी तोडायचा नाही, सेफ्टी पिन दातांत धरायची नाही, साडी नेसवताना तर मुळीच नाही.

मॉक-अपचे फोटो चार कोनांतून घ्या: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तो डोक्यामागून वरून. ते पाठवलेत की त्या चौथ्या, डावीकडच्या दाताचं काय करायचं ते सांगते.